तीर्थ म्हणजे उतार : गोमंतकातील स्थलांतरित दैवते आणि यात्रांचे मर्म

भारतीय जनजीवनात तीर्थयात्रेला अनन्यसाधारण महत्त्व आहे. उत्तरेस बदरीनाथ, पूर्वेस जगन्नाथपुरी, दक्षिणेस रामेश्वर आणि पश्चिमेस द्वारका या चार धामांनी या खंडप्राय देशाची चारही टोके एका सूत्रात ओवली. पंढरीच्या वारीने महाराष्ट्रातील व सीमेपलीकडील मराठी माणसाला वर्षातून एकदा एका वाटेवर आणले. गोमंतकाचा प्रदेश आकाराने लहान असला, तरी देवस्थानांच्या बाबतीत तो फार संपन्न आहे. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी, नागेशी, शिरोडा, जांबावली, फातर्पा, नार्वे, शिरगाव ही नावे उच्चारताच गोव्यातीलच नव्हे, तर मुंबईपासून मंगळूरपर्यंत पसरलेल्या असंख्य कुटुंबांचे हात नकळत जोडले जातात.

या देवस्थानांचे एक वैशिष्ट्य मात्र परगावाहून येणाऱ्या यात्रेकरूच्या सहसा ध्यानी येत नाही. यांपैकी बहुतेक प्रमुख दैवते आज जेथे विराजमान आहेत, ते त्यांचे मूळ स्थान नव्हे. इतरत्र भक्त देवाच्या भेटीस प्रवास करतो. येथे साडेचारशे वर्षांपूर्वी देवांनाच प्रवास करावा लागला, आणि तोही संकटाच्या काळात, नद्या ओलांडून. त्यामुळे तीर्थक्षेत्राविषयीचा एक मूलभूत प्रश्न गोमंतकीयांपुढे प्रत्यक्ष जीवनात उभा राहिला. पावित्र्य भूमीचे असते की देवाचे? मूळ जागा सुटली तर क्षेत्राचे माहात्म्य उरते काय? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ लिहून दिले नाही. ते आचरणातून दिले. त्या उत्तराचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

'तीर्थ' या शब्दाचा अर्थ

संस्कृत भाषेतील 'तॄ' या धातूचा अर्थ तरून जाणे, ओलांडणे असा आहे. त्यापासून 'तीर्थ' हा शब्द बनला. नदीचे पात्र जेथे सुखरूपपणे ओलांडता येते तो उतार किंवा पाण्यात उतरण्याचा घाट, हा या शब्दाचा मूळ अर्थ होय. गोमंतकात होडीने नदी ओलांडण्याच्या ठिकाणाला लोक 'तार' म्हणतात. त्या शब्दाचे नातेही याच धातूशी आहे. तेव्हा तीर्थ म्हणजे काय, हे नदीकाठच्या माणसाला वेगळे समजावून सांगावयास नको. तारीवर उभा राहिलेला माणूस पैलतीराकडे पाहतो. तीर्थी उभा राहिलेला भाविक या संसाराच्या पैलतीराकडे पाहतो. देवाच्या अभिषेकाचे जे पाणी आपण ओंजळीत घेतो, त्यालाही आपण तीर्थच म्हणतो, कारण तेही तारणारे मानले आहे.

'क्षेत्र' या शब्दाचा अर्थ शेत. शेतात पेरलेले बी अनेक पटींनी उगवते, तसे पुण्यभूमीत केलेले सत्कर्म वाढीस लागते, अशी त्यामागील कल्पना आहे. आपल्या धर्मग्रंथांनी तीर्थांचे तीन प्रकार सांगितले आहेत. नद्या, पर्वत, क्षेत्रे ही स्थावर तीर्थे. साधुसंत ही चालतीबोलती, म्हणजे जंगम तीर्थे. आणि सत्य, क्षमा, दया, इंद्रियनिग्रह ही मानस तीर्थे. या वर्गीकरणाचा आशय असा की, मनाची शुद्धी नसेल तर नुसत्या स्नानाने काही साधत नाही.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे विस्तृत वर्णन आले आहे. तेथील एक विचार आजही मननीय वाटतो. यज्ञासाठी विपुल सामग्री व धन लागते. ते राजांना आणि श्रीमंतांनाच परवडते. परंतु तीर्थयात्रा दरिद्री माणसालाही करता येते आणि तिचे फळ यज्ञाहून उणे नाही. अर्थात ज्याने हात, पाय आणि मन यांना आवर घातला आहे, त्यालाच ते फळ मिळते, अशी अटही तेथे आहे. यात्रेने धर्म सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला, तो या अर्थाने.

नदी हीच सीमा झाली

इ. स. १५१० मध्ये अफोन्सो दे आल्बुकेर्क याने आदिलशहाकडून गोवा शहर जिंकले व तिसवाडी बेटावर पोर्तुगीज सत्ता स्थापन झाली. पुढे १५४३ मध्ये बार्देस व साष्टी हे प्रांतही त्या सत्तेखाली आले. या तीन प्रदेशांना पुढील काळात 'जुन्या काबिजादी' हे नाव मिळाले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास प्रारंभ झाला. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभेची, म्हणजे इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर घाला आला. देवळांच्या जमिनी व उत्पन्ने चर्चच्या संस्थांकडे वळविण्यात आली. हिंदूंच्या सार्वजनिक पूजा-उत्सवांवर बंदी आली.

अशा परिस्थितीत गावकऱ्यांपुढे मार्ग थोडेच होते. काहींनी धर्म बदलला आणि जमीन राखली. काहींनी जमीन सोडली आणि देवासह नदी ओलांडली. पूर्वेकडे फोंड्याचा अंत्रुज महाल होता. त्याच्या आणि साष्टीच्या मध्ये जुवारी नदी वाहते, तर तिसवाडीपासून त्याला कुंभारजुव्याची खाडी वेगळे करते. उत्तरेस डिचोली महाल होता. त्याच्या आणि तिसवाडीच्या बेटांच्या मध्ये मांडवीचे पाणी होते. हा पलीकडचा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाकडे होता. हिंदू दैवतांना त्या संकटकाळी आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी व शिक्षकांनी आवर्जून सांगितली पाहिजे. धर्माधर्मातील वैराची सोपी चित्रे रंगविणाऱ्यांना या एका घटनेने थांबून विचार करावा लागेल.

अंत्रुज, डिचोली, सत्तरी, पेडणे आदी महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते पुष्कळ नंतर, म्हणजे १७६३ ते १७८८ या काळात. त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. तोपर्यंत पोर्तुगीज राजवटीचे धोरण सौम्य झाले होते आणि तेथील देवस्थानांना धक्का न लावण्याची भूमिका तिने घेतली होती. आज फोंडा तालुक्यात देवळांची जी दाटी आढळते, तिचे कारण हे आहे. निसर्गसौंदर्य पाहून कोणी ही देवळे तेथे बांधली नाहीत. आश्रयास आलेल्यांची ती वस्ती आहे.

कोणते दैवत कोठून कोठे

श्रीमंगेशाचे मूळ स्थान जुवारी नदीच्या दक्षिण तीरावर, साष्टी प्रांतातील कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी येथे होते. १५६० च्या सुमारास भक्तांनी लिंग नदीपार नेऊन प्रियोळ गावाच्या परिसरात त्याची स्थापना केली. ती वाडी आज मंगेशी या नावानेच ओळखली जाते. श्रीशांतादुर्गा केळशी येथून कवळ्यास गेली. केळशीतील देवीच्या मूळ जागेस 'देऊळभाट' हे नाव आहे. श्रीम्हाळसा वेर्णे येथून निघाली. वेर्ण्यातील मूळ जागा 'जुने म्हार्दोळ' म्हणून ओळखली जाते आणि अंत्रुजातील नव्या स्थानालाही म्हार्दोळ हेच नाव लाभले. लोटली येथील श्रीरामनाथ बांदिवड्यास आले व त्या जागेला लोक रामनाथी म्हणू लागले. राय येथील श्रीकामाक्षी शिरोड्यास गेली. मडगावचे, म्हणजे जुन्या मठग्रामाचे श्रीदामोदर जांबावलीस गेले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, पण तिचे 'कुंकळ्ळीकरीण' हे नाव कायम राहिले. चोडण बेटावरील श्रीदेवकीकृष्ण प्रथम मये येथे व तेथून माशेल येथे आला. बाळकृष्णाला मांडीशी घेतलेल्या देवकीची ही मूर्ती मातृप्रेमाचे दुर्मीळ दर्शन घडविते. माशेलला देवळासमोर आषाढात होणारा चिखलकाला पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात.

या दैवतांना आज लाभलेली भव्य देवळे आरंभापासून नव्हती. निर्वासितांचे देवही निर्वासितांसारखेच साध्या छपराखाली राहिले. पुढे मराठी सत्तेचा आधार मिळाला, तेव्हा देवळांची बांधकामे वाढली. पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. कवळ्याचे मंदिर छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. ते मूळचे वेंगुर्ल्याजवळील कोचऱ्याचे. घुमट, कमानीदार खिडक्या, मजल्यांची अष्टकोनी दीपमाळ, तळी, अग्रशाळा, नगारखाना आणि अंगणातील तुळशीवृंदावन अशी जी खास गोमंतकीय देवालयशैली आपण पाहतो, ती या स्थित्यंतराच्या काळातच आकारास आली.

स्थान सुटले, संबंध सुटला नाही

आता लेखाच्या प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. देव हलविता येतो काय? शास्त्राने त्याची वाट ठेवली आहे. देवालय जीर्ण झाले असता मूर्तीतील देवत्वाचे कलशात आवाहन करावयाचे, काम पूर्ण होईपर्यंत त्या कलशाची पूजा करावयाची आणि मग पुन्हा प्रतिष्ठा करावयाची, असा जीर्णोद्धाराचा विधी आहे. म्हणजे देवत्व दगडाला जखडलेले नाही. श्रद्धेने व विधीने त्याला बोलाविता येते, ही कल्पना परंपरेला मान्य होतीच. संकटकाळी गोमंतकीयांनी ती अधिक व्यापक अर्थाने अमलात आणली.

तथापि भूमीचेही महत्त्व त्यांनी नाकारले नाही. गोव्याच्या खेड्याखेड्यांत सातेरी देवीची पूजा होते. मातीचे वारूळ हेच तिचे रूप. वारूळ उचलून नेता येत नाही. ते ज्या जमिनीतून वर आले त्या जमिनीचेच असते. देवता भूमीची आहे, ही जाणीव अशी खोलवर रुजलेली असताना देव दुसरीकडे न्यावा लागला. म्हणून जाताना लोकांनी भूमीचे नाव बरोबर नेले. नार्वे सुटले, पण नव्या जागेला नार्वे म्हटले. म्हार्दोळ सुटले, पण नव्या जागेला म्हार्दोळ म्हटले. कुंकळ्ळी सुटली, पण देवी कुंकळ्ळीकरीणच राहिली. नाव हा मूळ भूमीशी असलेला नात्याचा धागा होता, आणि तो तुटू द्यावयाचा नाही, एवढी दक्षता घेतली गेली.

दुसरा धागा माणसांचा. गोव्यात देवस्थान ही केवळ इमारत नसते. ज्या कुळांनी देव स्थापन केला व सांभाळला, ते त्याचे महाजन; ज्यांचे तो कुलदैवत, ते कुळावी. पुजारी, वाजंत्री, पालखीचे मानकरी, फुले पुरविणारे, दिवट्या धरणारे अशा सर्वांचे मान व कर्तव्ये परंपरेने ठरलेली असतात. महाजनांच्या या संस्थेला पोर्तुगीज राजवटीतही कायद्याची मान्यता मिळाली, आणि १९३३ च्या देवस्थान नियमावलीने तिचे स्वरूप निश्चित केले. त्या काळात कित्येक कुटुंबे गोवा सोडून कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. त्यांच्या वंशजांची बोली बदलली, आहार बदलला, परंतु घरात लग्नकार्य झाले की नवदांपत्याला मंगेशीस, कवळ्यास किंवा म्हार्दोळास कुलदैवताच्या पायावर घालण्याची रीत अनेकांनी सोडली नाही. अनेक पिढ्या गोवा न पाहिलेल्या घराला आपण कोण, हे त्या एका यात्रेने सांगितले. आडनावांनीही हेच केले. मास्टर दीनानाथांनी आपल्या गावावरून घेतलेले मंगेशकर हे आडनाव पुढे साऱ्या जगाच्या कानी गेले.

या श्रद्धेला व्यवहारात केवढे वजन होते, याचे उदाहरण म्हार्दोळास मिळते. तेथील देवळात एक मोठी घंटा आहे. एरवी तिला लोळी नसे. कोणाला देवीसमोर साक्ष द्यावयाची असली, तरच ती लावून घंटा वाजवीत. देवीसमोर खोटे बोलणाऱ्याचे भले होत नाही, असा लोकांचा दृढ समज होता, आणि पोर्तुगीज अमदानीत न्यायालयेही अशी साक्ष ग्राह्य मानीत. याच देवळात भाद्रपदाच्या सुमारास होणारी 'जायांची पूजा' प्रसिद्ध आहे. जाईच्या फुलांनी देवीचे सारे देऊळ त्या दिवशी दरवळून जाते. हा उत्सव फुलांचा व्यवसाय करणाऱ्या समाजाचा आहे. ज्याच्या हाताला जे काम, त्याची तीच पूजा, हा यात्रोत्सवांचा आणखी एक अर्थ.

सप्तकोटीश्वराची कथा

स्थलांतराचा हा इतिहास सर्वांत ठळकपणे दिसतो तो श्रीसप्तकोटीश्वराच्या बाबतीत. मांडवीतील दिवाडी बेटावर नार्वे येथे त्याचे मूळ स्थान होते. सप्तर्षींनी दीर्घ तपश्चर्या करून सात धातूंचे लिंग स्थापिले, अशी परंपरा आहे. गोव्याच्या कदंब राजांचे हे राजदैवत. सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले, असे बिरुद ते आपल्या लेखांत व नाण्यांवर अभिमानाने मिरवीत. देवळाजवळ कोटितीर्थ नावाचे तळे होते; तळ्याचे अवशेष आजही दिवाडीवर आहेत.

चौदाव्या शतकात बहमनी सैन्याच्या स्वारीत हे देऊळ उद्ध्वस्त झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा परत जिंकला आणि लिंगाची पुनःस्थापना केली. पुढे दीडशे वर्षांनी पोर्तुगीज राजवटीत ते पुन्हा पाडले गेले. या वेळी भाविकांनी लिंग हस्तगत करून मांडवीपार डिचोली महालात नेले, आणि तेथे त्याची पूजा सुरू झाली. ते स्थानही नार्वे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. एका नदीच्या दोन तीरांवर एकाच नावाची दोन गावे उभी राहिली.

छत्रपती शिवाजी महाराज १६६८ मध्ये या भागात आले असता त्यांनी देवाची स्थिती पाहून नवे मंदिर बांधण्याची आज्ञा दिली. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, अर्थात १३ नोव्हेंबर १६६८ या तिथीचा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. राज्याभिषेकाला अजून सहा वर्षांचा अवधी होता. तरीही परक्या सत्तेच्या सीमेवरील एका विस्थापित देवाची चिंता त्यांनी वाहिली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अलीकडे गोवा शासनाच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने या मंदिराचे जतन-संवर्धन हाती घेतले, आणि काम पूर्ण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये मंदिर भाविकांसाठी पुन्हा खुले झाले.

गोकुळाष्टमीला नार्वे येथे नदीच्या पात्रात स्नान करण्याची प्रथा फार जुनी आहे. देऊळ कधी या तीरावर, कधी त्या तीरावर राहिले. मधली नदी मात्र होती तेथेच राहिली, आणि तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ तिनेच जपला.

माघारी जाण्याची वाट

स्थलांतरित दैवतांच्या काही उत्सवांत मूळ गावाची आठवण स्पष्टपणे जागविली जाते. त्यांतील दोन उत्सव विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला कुंकळ्ळीचा छत्रोत्सव. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी आपल्या देवळांच्या विध्वंसाला व करांना विरोध केला होता. १५ जुलै १५८३ रोजी तेथे रक्तपात होऊन पाच जेझुइट धर्मोपदेशक व त्यांच्यासोबतचे काही लोक मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. देवी तोवर फातर्प्यास गेली होती. पण दरवर्षी फाल्गुनात देवीची मिरवणूक फातर्प्याहून निघते आणि कुंकळ्ळीस तिच्या मूळ जागी येते. गावातील १२ वांगडांच्या १२ छत्र्या वाजतगाजत, गुलालाच्या उधळणीत चालतात. वांगड म्हणजे गावकरी घराण्यांचे गट. यांतील काही घराणी चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली. परंतु ती त्याच बारा वांगडांतील आहेत, आणि या मिरवणुकीत ख्रिस्ती गावकरीही सहभागी होतात. धर्म वेगळे झाले, तरी गाव एकच राहिला, याची ही साक्ष. ज्या गावात एवढे रक्त सांडले, त्याच गावाने हे साध्य करून दाखविले आहे.

दुसरा जांबावलीचा गुलालोत्सव. श्रीदामोदर मडगावहून गेले, म्हणून फाल्गुन वद्यात मठग्रामस्थ, म्हणजे मडगावचे हिंदू रहिवासी जांबावलीस जाऊन मुक्काम करतात आणि सप्ताहभर उत्सव चालवितात. गुलालाच्या दिवशी माणूस माणसाला ओळखत नाही. सर्वांचा रंग एक झालेला असतो. उत्सवात नाटके होतात, आणि गोमंतकातील मराठी हौशी रंगभूमीची अनेकांची उमेदवारी अशाच जत्रांच्या मंडपात झाली आहे. जांबावलीच्या नदीतील स्नान आरोग्यदायक असल्याचा समज असून त्यासाठी हिंदूंप्रमाणे ख्रिस्ती लोकही येत असतात.

क्वचित देव स्वतःच माघारी आले. ताळगावची महालक्ष्मी मये येथे नेण्यात आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पणजीत तिचे देऊळ बांधण्यास अनुमती मिळाली, आणि जुन्या काबिजादीत फार मोठ्या कालखंडानंतर पुन्हा घंटानाद झाला. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना अधिक मोकळीक लाभली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर तर कोणतेच बंधन उरले नाही. वेर्ण्यास मूळ स्थानी म्हाळसेचे मंदिर पुन्हा उभे राहिले आहे. मात्र अंत्रुजातील देवस्थाने रिकामी झाली नाहीत. साडेचारशे वर्षांच्या पूजेने आश्रयाची जागाही क्षेत्र झाली होती. एका स्थानाचे पावित्र्य दुसऱ्या स्थानाचे पावित्र्य कमी करीत नाही, असेच लोकांनी जणू ठरविले.

पैलतीरावरील शेजार

तीर्थाचा अर्थ ओलांडणे असेल, तर धर्मांच्या सीमारेषाही गोमंतकीय यात्रेकरूने अनेकदा ओलांडल्या आहेत. डिचोली तालुक्यातील शिरगावची श्रीलईराई आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण या दोघी सात बहिणींपैकी आहेत, असे लोक मानतात. मिलाग्रीसच्या फेस्ताला लईराईच्या देवस्थानाकडून तेल जाते, आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून फुले येतात. या रिवाजामागे कोणताही कायदा नाही. दोन गावांनी नाते पाळले, एवढेच. वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावला जत्रा भरते. व्रतस्थ धोंड कित्येक दिवस शुचिर्भूत राहून, उपवास पाळून अग्नीवरून चालतात. यात्रेपूर्वीचे हे व्रत म्हणजेच वनपर्वाने सांगितलेला हातापायांचा व मनाचा निग्रह.

जुन्या गोव्यातील बाँ जेझुस बाझिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव जतन केलेले आहे. ते १५४२ मध्ये गोव्यात आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ निवर्तले आणि १५५४ मध्ये त्यांचे शव गोव्यास आणले गेले. दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या कालावधीत पार पडले. देशोदेशींच्या ख्रिस्ती भाविकांबरोबर गोव्यातील हिंदूही 'गोंयच्या सायबा'पुढे नम्र झाले. इतिहासाची जखम ठाऊक असूनही हे घडते, यात गोमंतकीय माणसाचे मोठेपण आहे. इतिहास विसरावा, असा याचा अर्थ नाही. तो पूर्णपणे जाणून घ्यावा, आणि जाणल्यानंतरही शेजाऱ्याच्या दाराशी फुले पाठवावीत, असा आहे.

यात्रेकरूंचे आणि आपले कर्तव्य

आज प्रवास सुलभ झाला आहे. पूर्वी जेथे होडीची वाट पाहत बसावे लागे, तेथे अनेक ठिकाणी पूल झाले. साहजिकच गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर धोकेही वाढले. ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अरुंद वाटा, उतार आणि एकाच वेळी लोटणारा जनसमुदाय यांचा विचार आधीच केला पाहिजे, हा धडा अत्यंत महागात मिळाला आहे. देवस्थान समिती, पंचायत, पोलीस, आरोग्य व विद्युत खाते यांनी जत्रेपूर्वी एकत्र बसून येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवणे, दुकानांच्या रांगा रस्त्यापासून दूर नेणे, प्रकाश, पाणी व प्रथमोपचाराची सोय करणे अगत्याचे आहे. यात्रेकरूंनीही पुढे घुसण्याची घाई करू नये. देव चारशे वर्षे भक्तांसाठी थांबला. आपण चार घटका थांबण्यास हरकत नसावी.

देवळाच्या तळीत प्लास्टिक व निर्माल्य टाकणे हा तीर्थाचा अवमान आहे. ज्या पाण्याने तारावे, तेच आपण बुडवीत आहोत, याचे भान हवे. तसेच देवस्थान हे केवळ सहलीचे स्थळ नव्हे. छायाचित्र काढून परतणाऱ्या पाहुण्याला हा देव येथे कसा आला, हे दोन शब्दांत सांगणारा फलक प्रत्येक देवालयाच्या प्राकारात असला पाहिजे. जुन्या काबिजादीतील मूळ स्थानांवर, मग आज तेथे माड असोत, शेत असो किंवा दुसऱ्या धर्माचे प्रार्थनास्थळ असो, कोणाचेही मन न दुखविता इतिहासाची नोंद झाली पाहिजे.

या कामी शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. गावातील वृद्धांना देवळाच्या भाटांची, तळ्यांची, पालखीच्या वाटांची व विसाव्याच्या जागांची जुनी नावे ठाऊक असतात. ती नावे कागदावर आलेली नाहीत. त्या पिढीबरोबर ती लोप पावण्याची भीती आहे. आमच्या पूर्वजांनी घरदार सोडले, पण नाव सोडले नाही. ते नाव आपल्या निष्काळजीपणामुळे हरवावे, हे योग्य नव्हे. पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आजोबा-आजीकडून ही माहिती लिहून घेतली, गावाचा साधा नकाशा काढून त्यावर ती मांडली आणि शाळेच्या दप्तरी ठेवली, तर थोड्या श्रमात फार मोठे काम होईल. ख्रिस्ती व मुसलमान घरांतील वृद्धांकडूनही ती घ्यावी. जमिनीची नावे सर्वांच्या स्मरणात सारखीच असतात.

पावित्र्य भूमीचे की देवाचे, या प्रश्नाला गोमंतकाने दिलेले उत्तर थोडक्यात असे आहे : पावित्र्य संबंधाचे असते. देव नदीपार गेला, तेव्हा भक्त त्याच्यामागून गेले. मूळ भूमी मागे राहिली, तेव्हा तिचे नाव बरोबर नेले. आणि वर्षातून एकदा तरी त्या भूमीकडे छत्र्या घेऊन परत आले. दोन तीरांमधील हे येणेजाणे जोपर्यंत चालू आहे, तोपर्यंत गोव्याच्या प्रत्येक नदीवर एक तीर्थ आहे, असे समजावयास हरकत नाही.